नाकाला न अडणारा कप

दादा,

तुझं भाषण मोबाइलवर पाहिलं. विषय काय, तर ‘जगण्याचा हेतू कसा शोधावा’! आणि उदाहरण म्हणून मी. आई गेल्यावर तू आठवण म्हणून नेलेला माझा मातीचा कप उंच धरून म्हणालास, “माझ्या बहिणीने नोकरी सोडली आणि या वाकड्या कपात स्वतःला शोधलं.” टाळ्याच टाळ्या! माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

मी कुठे स्वतःला शोधायला गेले होते रे? आई अंथरुणाला खिळली आणि तू फोनवर नुसतं “काळजी घे” म्हणत राहिलास, म्हणून नोकरी सुटली. तिला मान मागे करता येत नव्हती, साधा कप नाकाला अडायचा. म्हणून मातीकाम शिकले आणि नाकाकडचा काठ मुद्दाम खाली उतरवला. तो वाकडा नाही. एकदा तरी तिला पाणी पाजलं असतंस, तर कळलं असतं.

हे पत्र पाठवणार नाही, नाहीतर तू तेही स्टेजवर वाचशील. फोन करून एवढंच सांगेन, कप परत आणून दे. शेजारच्या काकांच्या मानेला पट्टा लागलाय. त्यांचा नवा कप भाजून होईपर्यंत ते त्यातून पाणी पितील.

तुझं उदाहरण