बरणी बोलेना

४ जून
ही गेली सकाळच्या गाडीने. मोठ्या बहिणीचा गुडघा बदललाय, तिच्या उशाशी बसायला. जाताना माझ्यासाठी काय ठेवलं? काकड्या! बोटभर लांबीच्या, काटेरी, टोपलीभर. "आज आंबवायला घातल्या नाहीत तर मऊ पडतील. या वेळी तुम्हीच घाला." मी? मी पंप दुरुस्त करणारा माणूस!

पण काम सोपं दिसतं. टोकं कापायची, काकड्या बरणीत उभ्या ठासायच्या, मध्ये शेपू, लसूण, मिरी. वरून मिठाचं पाणी, काकड्या बुडतील इतकं. झाकण सैल. वर फडकं आणि ओट्याखालच्या कपाटात, अंधारात. मग उघडून बघायचं नाही — ऐकायचं! "दोन-तीन दिवसांत बरणी बोलायला लागते. बारीक फसफस, चुरचुर. बोलायची थांबली की फ्रिजमध्ये. आणि पाण्याचं म्हणाल तर—" म्हटलं, पुढचं सांगू नकोस. ऐकायचं काम ना? जन्म गेला मोटारी कानाने ओळखण्यात. बेअरिंग गेलंय की वाइंडिंग जळतंय, रस्त्यापलीकडून सांगतो. याच कानांवर दुकान उभं राहिलं. नाहीतर जवळ होतं काय? एक पाना आणि उसना स्टूल.

शेपूचा वास हाताला बसला तो जाईना. दुकानातला मिस्त्री म्हणाला, "शेठ, पंप सोडून भाजी विकायला लागलात की काय?"

७ जून
बरणी गप्प.

८ जून
अजून गप्पच. कपाटात डोकं घालून ऐकलं. काही नाही. पण फडकं ओलं, खालची फळीही ओली! म्हणजे गळती. गळती शोधणं तर माझा धंदा. बूड चाचपलं — कोरडं. काचेला तडा नाही. मग पाणी येतं कुठून? झाकणाची रबरी रिंग बदलली. पुन्हा ओलं.

बोलत नाही ती नाही, वर रडते!

९ जून
बेकरीवाला पंप परत घेऊन आला. परवाच मी कान लावून 'ठणठणीत' म्हणून दिलेला. "शेठ, किंचाळतो हो हा! माझा कारागीर कानात कापूस घालून पीठ मळतोय." चालू करून बघितला. छान घुमत होता. म्हटलं, तुमच्या फरशीचा दोष असेल, आवाज उठत असेल.

मी चहा सांगायला बाहेर गेलो. परत येतो तर फळीच्या आडून मिस्त्रीचा दबका आवाज — "शेठना काही बोलू नका. ठेवून जा, मी बघतो."

काय बघतो? माझ्यापासून लपवून?

जेवण गेलं नाही. मिस्त्री काही कालपरवा आलेला नाही, माझे केस काळे होते तेव्हापासून आहे. वेगळं दुकान काढायचं चाललंय का? गिऱ्हाईक फोडतोय? सरळ विचारावं तर जीभ उचलत नाही. तो गेला तर संपलंच. माझे गुडघे आता पंपाशेजारी वाकत नाहीत. दुकानात कान माझे, हात त्याचे — असंच चाललंय.

११ जून
राहवेना. बरणी बाहेर काढली. पाणी गढूळ, ताकासारखं! दोन-चार बुडबुडे वर येत होते, पाइपात हवा अडकली की येतात तसे. आवाज मात्र शून्य. मेली म्हणायची. बादलीत ओतत होतो तेवढ्यात मिस्त्री दुकानाची किल्ली द्यायला घरी आला. वाकला, एक काकडी उचलली, कडाकडा खाल्ली. "शेठ, फेकताय कशाला? झकास आंबलीय की!"

हल्ली हा फार गोड बोलतो. सगळं ओतून दिलं.

१२ जून
नवी बरणी. जाडं मीठ, उकळून गार केलेलं पाणी, ताजा शेपू. हिचा फोन आला — "बोलतेय ना हो?" म्हटलं, बोलतेय, बोलतेय. बरणी बोलत नाही, मिस्त्री खरं बोलत नाही, आणि आता मीही त्याच रांगेत.

१४ जून
बेकरीवाला खुशीत. "आता कसा मांजरासारखा चालतोय!" मिस्त्रीला विचारलं, केलंस काय? "काही नाही शेठ, थोडं तेल." तेल? मग कचऱ्याच्या डब्यात जुनं बेअरिंग कसलं? हातात घेऊन फिरवलं. खडखडीत गेलेलं. गोळ्या बोटाला लागत होत्या. हे मी ठणठणीत म्हणालो?

आणि पावती दुकानाचीच दिली होती. माझ्याच नावाचा शिक्का. गिऱ्हाईक फोडणारा माणूस असं करतो? डोक्याचा पार भुगा झालाय.

फ्रिजचा गजरही बिघडला वाटतं. दार उघडं राहिलं, दूध नासलं, आणि ओरडला म्हणून नाही. सवड झाली की खोलून बघायला हवा.

बरणी गप्प. फडकं ओलं.

१७ जून
ही आली. स्वयंपाकघराच्या दारात पाय ठेवला आणि हसली — "अगं बाई! किती बडबडतेय!"

"कोण?"

"बरणी हो! इथून ऐकू येतंय."

वाटलं, थट्टा करतेय. तोंडाकडे बघितलं. थट्टा नव्हती. कपाट उघडलं, फडकं काढलं. काचेला कान लावला. काच गार होती. एवढंच कळलं. आत बुडबुड्यांच्या माळा वर चढत होत्या, झाकणाच्या कडेने फेस ओघळत होता. "पाणी गढूळ होतंच, घाबरू नका — हे त्या दिवशी सांगणार होते," ती म्हणाली. मग थोड्या वेळाने, "आणि तो फ्रिज कधीचा केकाटतोय, दार तरी लावा."

मी दार लावलं. काहीच थांबल्यासारखं वाटलं नाही.

हिने पिशवी अजून खांद्यावरून उतरवली नव्हती. हळूच म्हणाली, "पुन्हा लावा बरं कान."

लावला.

१८ जून
दुकानात गेलो नाही. डोकं दुखतंय म्हणून कळवलं. डोकं दुखत नाही.

२० जून
बरणी फ्रिजमध्ये गेली. थांबली, असं हिने सांगितलं.

दुकानात मिस्त्रीला विचारलं — कधीपासून? तो पाना पुसत राहिला. पुसलेलाच पुन्हा पुसला.

"दोन उन्हाळे झाले, शेठ. तुम्ही घरी गेलात की मी एकेक पंप परत लावून ऐकतो."