चहाच्या वेळचा पेपर

बुधवार, संध्याकाळ. नागाव

हे गेल्यापासून आज पहिल्यांदाच होमस्टेत पाहुणे आहेत. दर वर्षी येणारे पुण्याचे काका-काकू. सकाळी ओटीवर चहा घेत दोघं गप्प बसले होते. एरवी त्या वेळी हे मोठ्याने पेपर वाचायचे, मंत्र्यांपासून शेअर बाजारापर्यंत सगळ्यांना शहाणपण शिकवायचे. मी नुसती ऐकायचे.

काका हळूच म्हणाले, "वहिनी, आम्ही आजच निघतो. तुम्हाला त्रास नको."

आत आले तर स्वयंपाकाची वनिता म्हणाली, "मयतीला आल्यासारखी बसलीत दोघं. तुम्हीच वाचा ना पेपर."

रागच आला. पण खोटं काय होतं त्यात?

पेपर घेतला. ओटीवर येऊन मोठ्याने वाचायला लागले. कुठल्याशा कंपनीचा साहेब म्हणतो, चांगला नेता बोलतो कमी, ऐकतो जास्त. माझ्या तोंडून निघून गेलं, "मग इतकी वर्षं या घरात नेता मीच होते की."

काका ठसका लागेपर्यंत हसले. मीही हसले. बरं दिसलं का ते? कोण जाणे. बरं वाटलं एवढं खरं.

काकूंनी विचारलं, "उद्या आंबोळ्या मिळतील?"

दुपारी भिजत घातलेले तांदूळ-उडीद आत्ताच वाटून ठेवले.