भट्टीघरावर दोघींनी लिहिलं

उप्साला, ५ मार्च

चि. टीरा हिस अ. उ. आ. थोरल्या बहिणीला ते द्यावेच लागतात, म्हणून देते आहे.

फोन केला असता तर मी ओरडले असते आणि तू कट केला असतास. म्हणून पत्र.

काल माझ्या निबंधावर चर्चा झाली. आमच्याकडे प्रत्येकाच्या निबंधाला वर्गातलाच एक 'विरोधक' नेमून देतात. त्यानं सगळ्यांसमोर चुका काढायच्या. माझ्या वाट्याला फोल्के आला. गावच्या भट्टीघरात रोट्या करताना लाटणारी, शेकणारी आणि घड्या घालणारी एकमेकींवाचून अडतात, रुसून कुणालाच निघून जाता येत नाही, म्हणून गावातली भांडणं तिथेच मिटतात, हा माझ्या निबंधाचा कणा. फोल्केनं तो परिच्छेद मोठ्यानं वाचला आणि पडद्यावर तुझा ब्लॉग उघडला. तोच विचार, जानेवारीतला! शाळकरी मुलीचं उचलायचं तर निदान तिचं नाव तरी द्यावं, असं तो अगदी गोड आवाजात म्हणाला. वर्ग खदखदून हसला. बाईंनी लेखी खुलासा मागितलाय. तो पटला नाही तर निबंध नापास, आणि या उन्हाळ्यात पदवी नाही.

नाताळात भांडी धुताना हे तुला मीच सांगितलं होतं ना?

आणि खरं सांगू? चोरी कळल्यावर रागावले, पण वाचून जळले. मला आधी चार पानं इतर विद्वान काय म्हणाले ते मांडावं लागतं, वाक्यागणिक तळटीप द्यावी लागते, 'मला वाटतं' म्हणायची सोय नाही. तू पहिल्याच ओळीत मावशीच्या बोटाला चटका बसवून मोकळी! शिवाय खाली लोकांच्या शाबासक्यांची रांग. माझा निबंध दोघांनी वाचला, त्यातला एक फोल्के.

विचार ताईचा आहे, असं ब्लॉगवर ताबडतोब लिही.

उरलासुरला लोभ आहे, तो सांभाळ.

हेडविग


नोरलिडेन, ९ मार्च

ती. हेडविगताईस सा. न. वि. वि.

विचार तुझाच. पुसायचं फडकं माझ्या हातात होतं, एवढाच माझा वाटा. तुझ्या नावानिशी तसं आजच ब्लॉगवर लिहिलंय, बाईंना दाखव.

सरांनी आम्हा सगळ्यांना ब्लॉग लिहायला लावला तेव्हा एवढंच बजावलं होतं, की वाचक पहिल्या ओळीत पळता कामा नये. तुझं नाव घातलं असतं तर तू कोण, काय शिकतेस, हे सगळं आलं असतं आणि वाचक पळाला असता, अशी मी स्वतःची समजूत घातली. पण निदान एक गोष्ट तरी तुझ्याशिवाय माझी असावी, असं वाटत होतं. झालं, सांगून टाकलं.

गुनबोर्ग मावशी मात्र तुझ्यावर फुगलीय. तू घरी पाठवलेल्या कच्च्या प्रतीत तिनं स्वतःला शोधलं, तर ती निघाली 'माहिती देणारी क्रमांक तीन'. प्रोफेसरांची नावं पानभर आणि मी नुसता आकडा, असं म्हणत होती. मग पहिला नंबर कुठल्या भवानीला दिलास, तेही विचारलं. माझ्या ब्लॉगवर तिचं नाव आहे, फोटो आहे. त्यात हनुवट्या दोन दिसतात, म्हणून राग माझ्यावरही आहेच.

तुला वाटतं वाचक मला आहेत. ताई, तुझी ती प्रत बाबांनी स्वयंपाकघरात खिडकीशी ठेवलीय. लाकडाचा ट्रक लावून आले की कॉफी ओतून एखादं पान वाचतात, ओळीवर बोट ठेवून, तळटिपांसकट. अर्धं कळत नाही, मला विचारतात. मलाही येत नाही. मग समाधानानं म्हणतात की हेडविग विचार करून लिहिते. माझा ब्लॉग त्यांनी एकदाही उघडला नाही. मोबाईलवर काय वाचायचं, म्हणतात. शाबासक्यांची सगळी रांग तू घे आणि मला बाबा दे.

रागावलीस तरी लिहीत जा.

तुझी टीरा


उप्साला, २३ मार्च

चि. टीरास अ. उ. आ., या वेळी हात न आखडता.

खुलासा पटला, निबंध पास झाला. पण बाईंनी अट घातली: तोंडी कुणीही कुणाला सांगितलं असो, आधी प्रसिद्ध झालेल्या मजकुराचा उल्लेख हवाच. म्हणजे माझ्याच विचाराखाली तुझं नाव! दात-ओठ खात तळटीप लिहिली. संदर्भांच्या यादीतही दोन जाडजूड प्रोफेसरांच्या मधे तू ऐसपैस बसलीयस. मी त्या यादीत नाही. फोल्केनं अभिनंदन केलं, तेही तुझं.

मावशीला सांग, नंबर मुलाखतीच्या क्रमानं दिलेत, मानाच्या नव्हे. पटणार नाही तिला, तरी सांग.

नवी प्रत सोबत आहे. तुझ्या नावाच्या पानाला खुणेची चिठ्ठी लावली होती, मग काढली. बाबांचं बाबांना सापडू दे. जुनी प्रत खिडकीतून उचल, ही ठेव, आणि कॉफीच्या वेळी घरात राहा. हाक मारतील.

मग काय म्हणाले ते मला कळवू नकोस. तेवढं मन अजून मोठं झालेलं नाही.

लोभ दोन्हीकडून चालू ठेवू, जमेल तसा.

तुझी ताई
हेडविग