फळीपुढचा माणूस

३ सप्टेंबर

व्हिसाच्या वकीलबाईंनी विचारलं, "तुम्ही नेमकं काय करता?"

"उभा राहतो."

"असं अर्जात लिहिता येणार नाही."

मग नीट सांगितलं. बायको चाकू फेकते. मी लाकडी फळीपुढे हात पसरून उभा राहतो. चाकू माझ्या भोवतीनं फळीत घुसतात. झालं.

त्या म्हणाल्या, "इथला कोणीही माणूस उभा राहू शकेल, असं व्हिसा ऑफिस म्हणणार. मग?"

बायकोचा व्हिसा असामान्य गुणवत्तेचा. माझा तिच्या सहायकाचा. सहायक असा हवा की त्याच्यावाचून तिचं काम अडेल आणि तसा माणूस इथे मिळणार नाही. दोन्हींची मुदत डिसेंबरात संपते. तिच्या मुदतवाढीत अडचण नाही. प्रश्न माझा आहे.

बायको शेजारच्या खुर्चीत होती. मग म्हणाली, "दोन बोटं. मी याच्यापासून दोन बोटांवर चाकू मारते. दुसऱ्या कोणाच्या इतक्या जवळ मारलेला नाही."

वकीलबाई खूश. "हाच आपला पुरावा. व्हिडिओ करून द्या."

खाली रस्त्यावर आलो. ती डावीकडे गेली, मी उजवीकडे. मार्चपासून आम्ही वेगळे राहतो हे वकीलबाईंना सांगितलेलं नाही. विचारलंही नाही म्हणा त्यांनी.

६ सप्टेंबर

खोलीखाली लाँड्री आहे. फरशी गरम असते, दुपारी अनवाणी चालवत नाही. भिंतीपलीकडे कोणीतरी दिवसभर खोकतं. अजून चेहरा पाहिलेला नाही, पण रविवारी खोकला ऐकू आला नाही तेव्हा चैन पडेना.

आमचं भांडण असं नव्हतंच. एकदा भाजी चिरता चिरता ती म्हणाली, "फळीपुढे नुसता उभा राहतोस ते ठीक आहे. घरातही नुसता उभाच असतोस." उभा होतो तसाच राहिलो. आठवड्यानं ही खोली घेतली.

१० सप्टेंबर

खेळ ठीक.

१५ सप्टेंबर

आईचा फोन. "सूनबाई कुठाय?"

"सरावाला गेलीय."

"सारखी कशी सरावाला असते रे? आणि तू का नाहीस? तुझ्याशिवाय ती कशावर सराव करते, भोपळ्यावर?"

आईला फसवणं सोपं नाही. म्हटलं, आवाज तुटतोय, आणि फोन ठेवला. नंतर वाईट वाटलं. दिवसभरात तेवढंच बोलणं झालं होतं.

२१ सप्टेंबर

फळीवर मी जाड होत चाललोय.

खेळ संपला की फळी पुसायचं काम माझं. भोकांची एक रेघ पडते — डोकं, मान, खांदे, काखा, कंबर. माझाच आकार. नवी फळी बसवली की दर महिन्याला नवा मी. जुन्या फळ्यांवर तो आकार अंगाला चोपून बसायचा. या महिन्याची भोकं बाहेर सरकलीत. मानेजवळ बोटं घालून पाहिली. दोन मावली. तीन मावली. चौथंही मावलं.

प्रेक्षकांना कळत नाही. मला बाहीवरून कळतं. पूर्वी चाकू आला की कापड थरथरायचं.

२२ सप्टेंबर

तिला विचारायचं होतं. मेकअप काढत होती. आरशातूनच म्हणाली, "काय?" म्हटलं, काही नाही.

२ ऑक्टोबर

व्हिडिओचा दिवस. रिकामं थिएटर, कॅमेरेवाला, मॅनेजर आणि आम्ही दोघं.

तिच्या वडिलांनी शिकवलेली रीत आहे. फळीपुढचा माणूस श्वास सोडतो तेव्हा चाकू सोडायचा. मी सोळा वर्षं तसाच श्वास घेतोय. आजही घेतला, सोडला. पहिला चाकू कानापासून पंजाभर लांब! दुसराही तसाच. ती थांबली, हात पँटला पुसला. कॅमेरेवाला म्हणाला, "पुन्हा घेऊ." पुन्हा पंजाभर. तिसऱ्यांदा तर वीतभर.

तिची बोटं मी ओळखतो. ती कधी घामेजत नाहीत. आज चाकूवरची पकड दोनदा निसटली.

मॅनेजर पाठ थोपटून म्हणाला, "होतं असं. एवढ्या लांब तर माझ्या सासूवरही फेकता येतील." कोणी हसलं नाही.

९ ऑक्टोबर

वकीलबाईंनी व्हिडिओ दोनदा पाहिला. मग सरळ तिलाच विचारलं, "खरं सांगा. यांच्या जागी दुसरं कोणी चालेल का? अर्ज तुमच्या सहीनं जाणार आहे म्हणून विचारते."

ती टेबलाच्या कडेकडे बघत होती. "चालेल," म्हणाली. "दुसरं कोणीही चालेल."

वकीलबाईंनी पेन खाली ठेवलं. म्हणजे मी अर्जाबाहेर. तिथेच, तेवढ्यात.

जिन्यात गाठलं तिला. "का?"

"तू हलतोस."

"मी? मी कधी हललोय?"

"हलतोस," म्हणाली आणि डावीकडे निघून गेली.

१० ऑक्टोबर

मी हलतो म्हणे! सोळा वर्षांत डोळ्याची पापणी लवली नाही. एकदा मधमाशी नाकावर बसली होती तरी उभा होतो. टाकायचंच होतं तर तसं सांगायचं. माझं काम वाईट आहे असं का म्हणायचं?

जेवलो नाही. खाली ड्रायर फिरत राहिले.

२४ ऑक्टोबर

माझ्या जागी कोरसमधली, मागे घोळक्यात नाचणारी, बाई घेतली आहे. दोन मुलांची आई, इथलीच. तिला सगळे बडबडी म्हणतात. फळीपुढे उभी राहूनही बोलत असते — शाळेची बस, नवऱ्याचं घोरणं, चप्पल कुठे स्वस्त मिळते. मला म्हणाली, "दादा, मला काही टिप द्या की."

"श्वास सोडायचा."

"तो तर सोडावाच लागतो. नाहीतर मरेन."

हसू आलं. तिच्यावर राग धरता येत नाही, ही एक अडचण.

७ नोव्हेंबर

फळ्या पुसायला नवीन माणूस ठेवलाय, त्याच्या ताब्यात दिल्या. माझा शेवटचा आकार मॅनेजरनं गोदामात उलटा करून ठेवलाय, त्यावर रंगाचे डबे.

१९ नोव्हेंबर

तिकीट काढलं. आईला कळवलं. "दोघं येताय ना?" म्हणाली. मी म्हटलं, तिचं काम आहे. आईनं तारीख पुन्हा विचारली. मग, "बरं. ये तू."

खोकणाऱ्याला आज जिन्यात पाहिलं. म्हातारा, हातात फुलकोबी. त्यानं मान हलवली, मीही हलवली. ओळख झाली आणि निघायची वेळ आली.

३० नोव्हेंबर

बायकोचा बडबडीबरोबर पहिला खेळ. न सांगता गेलो, मागच्या रांगेत बसलो. हा खेळ मी समोरून कधी पाहिलाच नव्हता.

ती किती सुंदर फेकते.

सगळे चाकू दोन बोटांवर. मानेपाशी तर दीडच. बडबडी मध्येच प्रेक्षकांशी काहीतरी बोलली, हललीसुद्धा! तरी पुढचा चाकू दोन बोटांवरच.

बाहेर बडबडी भेटली. वैतागली होती. "तुमची बायको तोंडावर सांगते हो, तू माझी कोणी नाहीस म्हणून हात सरळ जातो. हे काय बोलणं झालं? आणि म्हणे उन्हाळ्यापासून रोज तुमच्या खेळाआधी तिला उलटी व्हायची. दादा, तुम्हाला माहीत होतं?"

विमान परवा आहे. मी आत्ता डावीकडे निघालोय.