जिनिव्हाक गाऱ्हाणां

देवबाग रस्ता, ता. मालवण
१४ जानेवारी

चिरंजीव संचितास,

किशोरीमावशीचे आशीर्वाद. तिकडे बर्फ पडत असेल. पायात लोकरीचे मोजे घालत असशील असं गृहीत धरते. नसशील तर हे वाक्य वाचून झाल्यावर घाल आणि मग पुढे वाच. माझी तब्येत ठीक आहे. गुडघा होता तिथेच आहे. घर गेले अकरा दिवस जरा जास्त शांत आहे, पण तो तब्येतीचा भाग नव्हे.

दहा डिसेंबरला मानवी हक्क दिन असतो हे इथल्या वाचनालयाला यंदा प्रथमच कळलं, आणि भाची जिनिव्हाला मानवी हक्कांच्याच कचेरीत म्हणून व्याख्यान माझ्या गळ्यात आलं. (नागरिकशास्त्र एकतीस वर्षं शिकवलं हे कारण कुणालाही सुचलं नाही.) आंतरराष्ट्रीय करार पाळले जातात की नाही हे कोण बघतं, एवढंच मी तुला विचारलं होतं. तू सेहेचाळीस पानं पाठवलीस. दोनदा वाचली. मग उभी राहिले आणि सांगितलं, की देश करारावर सही करतो, हवं तर अमुक कलम सोडून अशी पुस्ती जोडतो, आणि दर काही वर्षांनी स्वतःच्या वागणुकीचा अहवाल स्वतःच लिहून पाठवतो. स्त्रियांच्या करारासाठी तेवीस तज्ज्ञांची समिती आहे. ती सरकारचा अहवाल वाचते, सामान्य लोकांनी पाठवलेला छाया अहवालही वाचते, मग सरकारच्या माणसांना समोर बसवून आधी कौतुक करते आणि नंतर चिंता व्यक्त करते. शेवटी शिफारशी लिहून देते.

पहिल्या रांगेत आनंदीबाई होती. बंदरावर मासळीचा लिलाव पुकारते ती. तिने विचारलं, "बाई, आणि सरकारान आयकला नाय तर?"

तर समिती पुन्हा लिहिते, मी म्हटलं.

"आणि परत आयकला नाय तर?"

पुन्हा लिहिते.

"मगे तां आमच्या देवळातल्या गाऱ्हाण्यासारख्याच मां! पोलीस थंय पण नाय." आणि मागे वळून, "सुशीले, आयकलंस? अमुक सोडून सही करूक गावता! ही सोय माझ्या लग्नात आसती तर सासूक सोडून बाकी सगळ्यार सही केली आसती."

सभा तिथेच संपली. माझे आभार मानायचे राहिले.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी चौदा बायका माझ्या पडवीत हजर. त्यांचं म्हणणं साधं होतं. लिलावाच्या जागी बायकांसाठी संडास बांधून दोन वर्षं झाली. फरशा, नळ, दारावर बाईचं चित्र, सगळं आहे आणि कुलूपही आहे, कारण उद्घाटन व्हायचंय. पहाटे चारला आलेल्या बायका ऊन वर येईतो पाणी पीत नाहीत. दोघींना त्यापायी दवाखाना झाला. हे मी विनोद म्हणून लिहीत नाही.

मी सांगितलं की आपल्या देशाने वैयक्तिक तक्रारीच्या पुरवणी करारावर सही केलेली नाही, त्यामुळे एकेकीची तक्रार तिकडे चालणार नाही. छाया अहवाल चालेल. आणि वरच्या दारात जायचं तर खालची दारं आधी ठोठावावीत, म्हणून एक प्रत प्रथम इथल्या कार्यालयाला. (कुठल्या ते अहवालात आहे. पत्रात नावं घेत नाही.) "पण खंय आसा तां जिनिव्हा? बांद्याच्या फुडे?" असं जिल्ह्याच्या वेशीपलीकडे न गेलेल्या सुशीलाने विचारल्यावर मी भिंतीवर नकाशा लावला. त्यात एक संध्याकाळ गेली. एकूण नऊ संध्याकाळी गेल्या. मी कलमवार लिही, त्या कलमवार भांडत. कुणी खाडीतले मुळे-तिसऱ्या घेऊन येई, कुणी नुसतं तोंड. चहाचं मोठं पातेलं माळ्यावरून काढावं लागलं. पायरीवर चौदा जोड चपला म्हणजे शिस्तीचा प्रश्नच; मी त्या रांगेत लावून घेतल्या.

आता चूक. तुला देवळातलं गाऱ्हाणं आठवत असेल. नसेल तर लाज वाटू दे. गावातर्फे एकजण देवापुढे उभा राहून एकेक मागणं मोठ्याने सांगतो आणि प्रत्येक मागण्याअंती सगळे "व्हय म्हाराजा" म्हणून होकार भरतात; भरलेला होकार मग कुणी मोडत नाही. मी अंतिम मसुदा मोठ्याने वाचला, तर आनंदीबाईने आधी स्वतःची एक ओळ घुसडली, "बा तेवीस जणांच्या समिती म्हाराजा, आज तुझ्या दारात ह्यां गाऱ्हाणां घालतो," आणि मग माझ्या प्रत्येक कलमाला चौदाजणी "व्हय म्हाराजा!" मी दोनदा दटावलं. तिसऱ्यांदा सोडून दिलं. माझं अक्षर लागत नाही असं झेरॉक्सवाल्या नम्रताचं म्हणणं, म्हणून तिला टंकायला या वाचनाचं फोनवरचं ध्वनिमुद्रण दिलं. तिने ऐकलं ते सगळं टंकलं. माझा चष्मा त्या दिवशी दुरुस्तीला होता. आयुष्यात प्रथमच न तपासता कागद दिला.

कार्यालयात तो मंगेशच्या हाती पडला. मंगेश माझा विद्यार्थी (नागरिकशास्त्रात काठावर पास), आणि गावात गाऱ्हाणं घालण्याचा मान त्याच्याच घरी. साहेब नवे, घाटावरचे. म्हणाले, वाचून दाखवा. मंगेशने पहिली ओळ वाचली आणि त्याला देवळातला सूर लागला. पहिल्या कलमाला शिपाई, दुसऱ्याला दोन्ही कारकून, चौथ्याला पाणी द्यायला आलेली बाई, सगळे सवयीने "व्हय म्हाराजा!" पाचव्याला साहेबांनी विचारलं, हे काय चाललंय. मंगेशचा चेहरा उतरला होता. "साहेब, होकार गेलो आमचो. आता कुलूप रवला तर माका गावात तोंड दाखवूक जागा नाय." हे मला त्यानेच येऊन सांगितलं, उभ्यानेच. किल्ली त्याच्याच खणात होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी कुलूप निघालं. पाहुणे नाहीत, फीत नाही. आनंदीबाई आत गेली, बाहेर येऊन ओरडली, "नळाक पाणी आसा गो!" बायकांनी रांग लावली. मी बाजूला उभी होते. मला नंबर देऊ केला. गरज नसताना रांगेत घुसणं मला पसंत नाही.

तेव्हापासून कुणी येत नाही. बरोबरच आहे. काम झाल्यावर कुणी कशाला येईल? मोठं पातेलं माळ्यावर ठेवलेलं नाही, एवढंच. पडवीला अजून बांगड्याचा वास येतो. तीही धुतलेली नाही.

अहवालाची इंग्रजी प्रत सोबत आहे. माझ्या ओळखीचा वशिला म्हणून काही करायचं नाही. रीतसर वाटेने जाईल तशी जाऊ दे.

तुझी,
किशोरीमावशी

ता. क. परिशिष्ट तीन जोडलेलं नाही. विसरले नाही.

ता. क. दुसरा. कुलूप निघालं, तेव्हा अहवालातलं मुख्य कलम आता खरं उरलेलं नाही आणि तो मागे घेणं हेच प्रामाणिक, हे मला तू सांगू नकोस. मीच तुला शिकवलंय.

ता. क. तिसरा. तर अहवाल पुढे पाठवूच नकोस. मात्र तुझ्या स्वतःच्या कागदावर (कचेरीच्या नव्हे, ते नियमात बसत नाही) मला तीन-चार शंका लिहून पाठव. परिशिष्टाचं विचार, दाराला आतून कडी आहे का ते विचार, काहीही विचार. आणि सह्या करणाऱ्या चौदाही जणींनी एकत्र बसून उत्तर द्यावं, असं स्पष्ट लिही. मुदत घालू नकोस. या बायका कामाला वाघ आहेत, मुदत दिलीस तर एका संध्याकाळीच आटपतील.