फुगणाऱ्या माशाची कलेजी

मी, मासळी कापून साफ करून विकणारी, मागे नवरा नाही, पुढे दोन मुलगे आणि एक सून, पूर्ण शुद्धीत हे लिहून ठेवते. उद्या माझ्या पोटाची शस्त्रक्रिया आहे. डॉक्टर म्हणाले, घाबरू नका. असं कधी म्हणतात ते मला कळतं. कोणाच्या दडपणाखाली लिहीत नाही. दडपण बाहेर बाकावर बसलंय, माझा थोरला, पण त्याला मी जुमानत नाही.

कलम एक. राहती खोली धाकट्याला. वाळत टाकलेल्या माशांच्या हवेच्या पिशव्याही त्यालाच, सुकल्या की त्यांना गिऱ्हाईक आहे. त्या पिशवीच्या जोरावर मासा पाण्यात अधांतरी राहतो. धाकटाही तसाच, ना वर ना खाली. चालायचंच.

कलम दोन. दुकान, ओटा, सुऱ्या आणि बर्फाची पेटी सुनेला, म्हणजे थोरल्याच्या बायकोला. थोरल्याला नाही. कारण लिहिते, नाहीतर म्हणाल म्हातारीची बुद्धी फिरली.

आमच्याकडे माशाच्या पोटातलं सगळं वेगवेगळं ठेवतात. पित्ताची पिशवी आधी काढायची, अख्खी. तिच्यामुळे माशाला चरबी पचते, पण फुटली तर मांस कडूजहर. मग गाबोळी, म्हणजे अंडी, एका ताटात, कलेजी दुसऱ्यात, आतडी खताला. फुगणारा मासा आला तर कापायचाच नाही, पुरायचा. त्याच्या कलेजीत विष साठतं, शिजवूनही जात नाही. हे थोरल्याला मी सांगून सांगून थकले. तरी त्याने तो कापला, आणि कलेजी मोठी, छान दिसली म्हणून बाकीच्यांत टाकली.

सुनेला कचऱ्यात त्या माशाची काटेरी कातडी दिसली. तोवर ती कलेजी गल्लीच्या टोकाला नव्याने राहायला आलेल्या मास्तरणीकडे गेली होती. मी अनवाणी धावले. कढईतलं परतून झालं होतं, पोरं ताटं घेऊन बसली होती. मी कढई उचलून मोरीत उपडी केली. उजवा हात भाजला, त्याचं काही नाही.

दुकानात परत आले. थोरला म्हणाला, "झालं का काही? नाही ना? मग कशाला बोंब मारतेस?"

चूक कोणाच्याही हातून होते, ती मी पोटात घातली असती. त्याचं हे वाक्य मला गिळवत नाही.

कलम तीन. थोरल्याने कोर्टाची पायरी चढू नये. काल त्याला हे सांगितलं तेव्हा त्याने विचारलं, मी तुझा मुलगा नाही का? आहेस रे, म्हणून तर. तुझ्या हातून कोणी मेलं, तर तेव्हा धावायला मी नसेन.

कलम चार. सह्यांआधी साक्षीला बोलावलेल्या शिंप्याने वरचं सगळं मोठ्याने वाचलं. थोरला आत आला. कागद फाडतो की काय म्हणून दुसरा साक्षीदार, बर्फवाला, उठून उभा राहिला. थोरला माझ्याजवळ आला. मग म्हणाला, "आई, त्या मास्तरणीला पोरं किती?"

तीन, मी म्हटलं. तो मटकन खाली बसला.

कलम दोन तसंच राहील.

सही: दुकानवाली, उजव्या हाताने
साक्षीदार: १. बर्फवाला २. समोरचा शिंपी
स्थळ: दुकानामागची खोली
दिनांक: शस्त्रक्रियेचा आदला दिवस