अंकिताची फेरपरीक्षा

सोमवार, १६ जून २०२५

आज सकाळी दहा वाजून चाळीस मिनिटांनी अंकिताला सहावीच्या रांगेतून दंडाला धरून बाहेर काढलं आणि पाचवीत बसवलं. वेळ मुद्दाम लिहून ठेवते. शाळेचा पहिला दिवस! पोरगी तडक माझ्या ओट्यावर येऊन बसली. पाणीसुद्धा घेईना.

गणितात नापास झाली होती, कबूल. नव्या नियमाप्रमाणे फेरपरीक्षा होती. ती गेल्या मंगळवारीच होऊन गेली — हिला पत्ताच नाही!

मंगळवार, १७ जून

तिची आई सुवर्णा आली. घरची सगळी राहू गावाकडं होती, मेंढरं घेऊन. खतासाठी दर दोन दिवसांनी नव्या शेतात मेंढरं बसवायची; फोन चार्जिंगला लावायचा तो शेतमालकाच्या घरी.

"फोन बंद हुता, बाई. आन् चालू आसता तरी वाचणार कोन? घरात वाचणारी हीच!"

बुधवार, १८ जून

अंकिताला घेऊन शाळेत गेले. मुख्याध्यापक चांगदेव माझाच जुना विद्यार्थी. खुर्ची पुसून दिली.

"बाई, पालकांच्या ग्रुपवर टाकलं होतं."

"मेंढरं आहेत का तुझ्या ग्रुपवर? आणि फेरपरीक्षेआधी जादा तास घ्यायचे, हाही नियमच ना? किती घेतलेस?"

त्यानं कपाटातून जुना कागद काढला. निवृत्त शिक्षकांचं निवेदन, २०१७ — ढकलपास बंद करा, नापास करा. "पहिली सही तुमचीच आहे, बाई."

होती. कॉन्व्हेंटात छडी खाऊन घोटलेलं अक्षराचं तेच वळण.

अंकिता दारात उभी होती.

गुरुवार, १९ जून

थकले. सही केली तेव्हा डोळ्यांसमोर मागच्या बाकावरची आळशी पोरं होती. मेंढरांमागची नव्हती.

शुक्रवार, २० जून

पुन्हा परीक्षा घ्या, असा अर्ज अंकिताच्याच हातानं लिहवून घेतला. तारीख, वेळ, काय झालं, काय हवं, उत्तर कधीपर्यंत — बुधवारी पाचच्या आत. "रडगाणं नको. आणि पोच घेतल्याशिवाय हलायचं नाही."

लिहिता लिहिता म्हणाली, "त्या जुन्या कागदात काय हाय, बाई?"

"उद्या सांगते."

शनिवार, २१ जून

नाही सांगितलं.

सोमवार, २३ जून

ओट्यावर दगडाखाली वहीचं पान. तारीख, वेळ, सगळं बरोबर. "मला नापास करा असं तुम्ही का मागितलं? बुधवारी संध्याकाळी पाचच्या आत लेखी उत्तर द्यावे."

तळाशी पोचेच्या सहीसाठी जागा सोडली आहे.